पशुवैद्यकाला विचारा : पोटातली गाठ आणि कुत्र्याचे हृदय

गेल्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सोनोग्राफीविषयी लिहिताना अधिवृक्क ग्रंथीतील, म्हणजे ॲड्रेनल ग्रंथीतील गाठींचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे : गाठ पोटात असताना डॉक्टर हृदयाची चिंता का करतात? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची, दवाखान्यांची व डॉक्टरांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर अकरा वर्षांचा आहे. दातांच्या उपचारासाठी भूल देण्यापूर्वी केलेल्या तपासणीत त्याच्या उजव्या मूत्रपिंडाजवळ जवळजवळ तीन सेंटीमीटरची गाठ दिसली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर हृदयाची डावी भिंत जाड झाल्याचे कळले. डॉक्टर म्हणाले, "दोन्हींचा संबंध असू शकतो." एवढ्याशा गाठीने हृदय कसे बिघडते? (पुणे)

आपल्या डॉक्टरांनी दोन अहवाल वेगवेगळे न वाचता एकत्र वाचले, हे फार चांगले झाले. कुत्र्याच्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी एक अधिवृक्क ग्रंथी असते. डावी ग्रंथी सोनोग्राफीत पुष्कळदा भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते आणि तिची जाडी साधारणपणे पाऊण सेंटीमीटरच्या आत असते. या ग्रंथीचे बाहेरचे आवरण कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरोन ही संप्रेरके (हॉर्मोन्स) तयार करते, तर आतला गाभा ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन तयार करतो. निरोगी कुत्र्यात हा गाभा मज्जातंतूंच्या हुकमात असतो. मांजर दिसले, फटाका वाजला की मज्जातंतू हुकूम देतात, संप्रेरक रक्तात येते, हृदय वेगाने चालू लागते, आणि काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. गाभ्यातील पेशींची गाठ झाली, तर तिला हा हुकूम लागत नाही. ती वाटेल तेव्हा, वाटेल तितके संप्रेरक रक्तात सोडते. कधी दिवसातून दोनदा, कधी पंधरा दिवसांत एकदा, आणि काही गाठी तर अखंड झिरपत राहतात. या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. क्रोमियमच्या क्षारांनी या पेशी काळपट तपकिरी होतात, म्हणून बर्लिनचे विकृतिशास्त्रज्ञ लुडविग पिक यांनी १९१२ मध्ये हे नाव दिले. माणसातील अशा गाठीचे पहिले वर्णन त्याआधी, १८८६ मध्ये, जर्मनीत एका अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर झाले होते. परळचे आमचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झाले, हा निव्वळ योगायोग. पण विद्यार्थ्यांच्या लक्षात साल राहावे म्हणून मी तो नेहमी सांगत असे.

आता हृदयाकडे येऊ. कुत्र्यांतील या गाठी प्रामुख्याने नॉरॲड्रेनालिन सोडतात, आणि त्याचा पहिला परिणाम म्हणजे शरीरभरच्या बारीक रोहिण्या आवळल्या जातात. नळाचे तोंड बोटाने दाबून ठेवल्यावर पंपावर जो ताण येतो, तोच ताण डाव्या खालच्या कप्प्यावर येतो. हा ताण महिनोन् महिने पुन्हा पुन्हा आला, की कप्प्याची भिंत जाड होते. व्यायामशाळेत जाणाऱ्याचा दंड भरतो त्याच न्यायाने, फक्त येथे त्या भरण्याचा उपयोग काही नाही, कारण जाड भिंत नीट सैल पडत नाही आणि कप्प्यात रक्त पुरेसे भरत नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मांजरांत हृदयाची भिंत आपोआप जाड होण्याचा आजार सर्रास आढळतो, कुत्र्यांत तो दुर्मीळ आहे. त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याच्या इकोत भिंत जाड दिसली आणि महारोहिणीच्या मुखाशी जन्मजात अडथळा नसला, तर आधी रक्तदाब मोजावा आणि मग अधिवृक्क ग्रंथींकडे पाहावे. आपल्या डॉक्टरांनी गाठ आणि जाड भिंत यांची सांगड घातली, ती याच कारणाने.

परंतु रक्तदाब हा हानीचा एकच मार्ग झाला. हे संप्रेरक हृदयाच्या स्नायुपेशींवर थेटही घाव घालते. पेशीच्या पृष्ठभागावर संप्रेरकाचा हुकूम झेलणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात; त्यांतील बीटा ग्राहींवर त्याचा अतिरेकी मारा झाला, की पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. स्नायूचे आकुंचन कॅल्शियममुळेच होते आणि कॅल्शियम बाजूला झाल्यावर स्नायू सैल पडतो. लोंढा ओसरलाच नाही, तर आवळलेली मूठ उघडत नाही आणि ती पेशी त्याच अवस्थेत मरते. त्यातच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्याही आखडतात, म्हणजे काम वाढलेले असताना प्राणवायूचा पुरवठा मात्र घटतो. शिवाय जादा संप्रेरकाचे प्राणवायूशी संयोग होऊन जे पदार्थ बनतात, तेही पेशींना विषारी असतात. ॲड्रेनालिनच्या जुन्या कुपीतील औषध गुलाबी पडले की आम्ही ती फेकून देतो. तो गुलाबी रंग अशाच एका पदार्थाचा, ॲड्रेनोक्रोमचा असतो. कुपीत जे सावकाश होते, त्याच जातीची क्रिया अशा कुत्र्याच्या हृदयात होते. मेलेल्या पेशींच्या जागी व्रणाचे तंतू येतात, आणि त्या तंतूंच्या आसपास विजेचे संदेश वाट चुकतात. हृदयाची लय अचानक बिघडते ती यामुळे.

आपल्या लॅब्रॅडॉरचे निदान अद्याप पक्के झालेले नाही, हे मात्र विसरू नये. अधिवृक्क ग्रंथीतील प्रत्येक गाठ संप्रेरक सोडतेच असे नाही. दातांचे काम तूर्त थांबवावे आणि पुढील उत्तरात सांगितलेल्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. अशी गाठ ओळखली गेली नसताना दिलेली भूल हा या आजारातील सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे.

प्रश्न : आमच्या बारा वर्षांच्या पॉमेरेनियनला महिन्यातून एक-दोनदा रात्री विचित्र झटका येतो. तो जोरजोराने धापा टाकतो, घरभर येरझारा घालतो, थरथरतो, आणि दोनदा तर मागच्या पायांतून कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत तो ठणठणीत झालेला असतो. ईसीजी नॉर्मल, इकोत झडपेची थोडी गळती. "वयोमान आहे" असे सांगण्यात आले. आम्ही वेडे ठरतो आहोत का? (ठाणे)

मुळीच नाही. या आजाराची लबाडीच अशी आहे, की गाठ शांत असताना केलेली तपासणी निर्दोष येते. ईसीजी म्हणजे काही सेकंदांची किंवा मिनिटांची नोंद. महिन्यातून दोनदा येणारा पाहुणा त्याच मिनिटाला दारात उभा असेल, ही अपेक्षाच चूक आहे. त्याचबरोबर, लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डाव्या बाजूच्या झडपेची गळती इतकी सर्रास आढळते, की ती सापडली म्हणजे झटक्याचे कारण सापडले, असे समजता येत नाही. थोड्याशा गळतीने कुत्रा रात्री कोसळत नाही.

सर्वप्रथम, पुढचा झटका आला की मोबाइलवर चित्रीकरण करावे. ओठ वर करून हिरड्यांचा रंग तेवढा पाहावा. संप्रेरकाच्या झटक्यात कातडीकडील व हिरड्यांकडील रोहिण्या आवळल्या गेल्यामुळे हिरड्या पांढुरक्या पडू शकतात. मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजावी आणि चाराने गुणावे. शुद्ध हरपली होती का, लघवी झाली का, लाळ गळली का, हेही लिहून ठेवावे, कारण फेफरे, हृदयाच्या लयीचा मूळचा दोष किंवा स्वरयंत्राचा लकवा यांचे झटके वरवर सारखेच दिसतात आणि हा फरक तुमच्या वर्णनावरूनच बहुधा कळतो.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. आपल्याकडे कुत्र्याला थर्मामीटर न चुकता लावला जातो, पण रक्तदाबाचा पट्टा क्वचितच बांधला जातो, आणि ही आमच्या व्यवसायातील उणीव मी मान्य करतो. वरचा रक्तदाब १४० च्या खाली असेल तर चिंता नाही. १६० ते १७९ हा उच्च रक्तदाब, आणि १८० किंवा त्याहून अधिक असेल तर डोळे, मेंदू, मूत्रपिंड व हृदय यांना गंभीर धोका असतो. मोजताना कुत्रा पाच-दहा मिनिटे शांत बसलेला असावा, पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के असावी, पहिले वाचन सोडून द्यावे आणि पुढील पाच-सात वाचनांची सरासरी घ्यावी. दवाखान्याच्या भीतीनेही आकडा चढतो, म्हणून एका वाचनावर विसंबू नये. उलट एक वाचन नॉर्मल आले म्हणून गाठ नाही, असेही ठरवू नये. या गाठीच्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांत मोजमापाच्या वेळी रक्तदाब वाढलेला सापडतच नाही. म्हणून त्याच भेटीत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. तेथील रक्तस्राव किंवा पडदा सुटणे ही येऊन गेलेल्या उच्च रक्तदाबाची साक्ष असते, आणि ती झटका ओसरल्यावरही पुसली जात नाही.

त्यानंतर दोन्ही अधिवृक्क ग्रंथींची सोनोग्राफी, चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारा होल्टर, आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायुपेशींतील प्रथिन असून पेशी जखमी झाल्या की ते रक्तात गळते. ते वाढलेले आढळले तर हृदयाला इजा होते आहे एवढे कळते, कशामुळे ते कळत नाही. कारणासाठी लघवीतील नॉरमेटानेफ्रिन व क्रिॲटिनिन यांचे गुणोत्तर पाहावे लागते. नॉरमेटानेफ्रिन हा नॉरॲड्रेनालिनचा उर्वरित अंश असतो, आणि झटका ओसरल्यावरही लघवीत त्याचा माग राहतो, म्हणून ही तपासणी एखाद्या क्षणाच्या ईसीजीपेक्षा भरवशाची ठरते. निरोगी कुत्र्यांच्या वरच्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक गुणोत्तर आले, तर फिओक्रोमोसायटोमाची शक्यता बळावते. लघवीचा नमुना घरीच, शांत वेळी घ्यावा, कारण दवाखान्यातील ताणानेही आकडा वाढतो. नमुना पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे कुत्र्यांसाठीची संदर्भमूल्ये आहेत का, ते स्पष्ट विचारावे. माणसांच्या तक्त्याशी कुत्र्याची लघवी ताडून पाहणे निरर्थक आहे.

प्रश्न : आमच्या कुत्रीलाही अशीच गाठ निघाली आहे आणि तिची छाती सारखी धडधडते. माझे वडील हृदयाचे ठोके कमी करण्यासाठी ॲटेनोलॉल घेतात. तिच्या वजनाच्या प्रमाणात थोडीशी गोळी द्यावी का? (कोल्हापूर)

कृपा करून देऊ नये. ॲटेनोलॉल बीटा ग्राही बंद करते. रोहिण्या आवळण्याचे काम प्रामुख्याने अल्फा ग्राहींमार्फत चालते, आणि ते ग्राही मोकळेच राहतात. म्हणजे रोहिण्या आवळलेल्या, समोरचा दाब तसाच चढा, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या हृदयाचा जोर मात्र आपणच काढून घेतलेला. यातून रक्तदाब एकदम भडकू शकतो किंवा हृदय निकामी होऊन फुप्फुसांत पाणी भरू शकते. आधी अल्फा ग्राही बंद करणारे औषध, ते अंगी लागल्यावरही ठोके जलद राहिले तरच बीटा बंद करणारे, हा क्रम माणसांच्या आणि कुत्र्यांच्या दोन्ही वैद्यकांत पक्का आहे व तो उलटा करायचा नसतो. तसेच, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड, स्टेरॉइडची इंजेक्शने आणि भुलेसाठीचे केटामाइन यांपैकी काहीही देण्यापूर्वी, गाठीची माहिती नसलेल्या डॉक्टरांना ती आपण होऊन सांगावी. गाठीचा अहवाल मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे रात्री-अपरात्री अनोळखी दवाखान्यात गेल्यावर शोधाशोध होणार नाही.

प्रश्न : आमच्या डॅशहुंडला कुशिंगचा आजार असून कारण अधिवृक्क ग्रंथीतील गाठ आहे, असे सांगितले आहे. मग हीच ती हृदय बिघडवणारी गाठ का? (रत्नागिरी)

ग्रंथी तीच, परंतु थर वेगळा आणि संप्रेरकही वेगळे. कुशिंगच्या आजारात कॉर्टिसोल जास्त होते. शंभरांतील ८० ते ८५ कुत्र्यांत त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत असते, उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातील गाठीत. आपल्या कुत्र्याची सुटलेली ढेरी, वाढलेली तहान व भूक, विरळ झालेले केस ही सारी कॉर्टिसोलची लक्षणे आहेत. तेही रक्तदाब वाढवते आणि डाव्या कप्प्याची भिंत जाड करते, पण त्याची चाल संथ असते; पेशी जागच्या जागी मारणारे ते तडाखे येथे नसतात. कुशिंगमध्ये मी अधिक धास्ती बाळगतो ती रक्ताच्या गुठळ्यांची, कारण गुठळी फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली की कुत्रा काही तासांत दगावू शकतो. अल्डोस्टेरोन सोडणारी गाठ कुत्र्यांत फारच विरळा. तिच्यात रक्तातील पोटॅशियम घटते, मान व पाय लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते.

एक सावधगिरी. एकाच कुत्र्यात दोन्ही प्रकारच्या गाठी असल्याची उदाहरणे आहेत. कुशिंगसाठीच्या ट्रिलोस्टेन या औषधाने कॉर्टिसोल ताब्यात आले, तहान कमी झाली, आणि तरीही रक्तदाब चढा राहिला किंवा धापांचे झटके चालू राहिले, तर दुसऱ्या ग्रंथीकडे पुन्हा पाहावे. ट्रिलोस्टेनचा फिओक्रोमोसायटोमावर उपयोग होत नाही.

प्रश्न : निदान पक्के झाले आहे. आमचा कुत्रा साडेबारा वर्षांचा असून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. त्याच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात. अशा हृदयाला शस्त्रक्रिया झेपेल का? आणि गाठ काढल्यावर हृदय बरे होईल का? (नागपूर)

दोन्ही प्रश्न अवघड आहेत, आणि फोनवरून कोणी "करून टाका" किंवा "राहू द्या" असे सांगितले तर ते मनावर घेऊ नये.

गाठ काढून टाकणे हा मुळावरचा उपाय आहे, यात वाद नाही. धोका आहे तो शस्त्रक्रियेच्या त्या दीड-दोन तासांत आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत. शल्यविशारदाचे बोट गाठीला लागले की संप्रेरक रक्तात उसळते आणि रक्तदाब पाहता पाहता २०० च्या पुढे जाऊ शकतो. गाठीची शीर बांधली, की तोच दाब धाडकन कोसळू शकतो, कारण इतके दिवस जादा संप्रेरकाच्या आधारावर आवळलेल्या रोहिण्या एकाएकी सैल पडतात. आधीच व्रण पडलेल्या हृदयाला ही चढउतार सोसावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन आठवडे अल्फा ग्राही बंद करणारे औषध, बहुधा फिनॉक्सिबेंझामिन, कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत देतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००८ मध्ये अशा शस्त्रक्रिया झालेल्या ४८ कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या : हे औषध आधी मिळालेल्यांपैकी १३ टक्के कुत्रे शस्त्रक्रियेच्या काळात दगावले, न मिळालेल्यांपैकी ४८ टक्के. पुढे २०२२ मध्ये आलेल्या ५३ कुत्र्यांच्या नोंदींत मात्र औषध दिलेल्या व न दिलेल्या कुत्र्यांच्या जगण्यात तसा फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास जुन्या नोंदींवरचे आहेत, आणि मधल्या काळात भूल देण्याची पद्धतही सुधारली आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या कुत्र्याच्या हृदयात आधीच बिघाड दिसतो आहे, त्याला हे औषध दिल्यावाचून टेबलावर घेऊ नये. फिनॉक्सिबेंझामिन मिळाले नाही तर प्राझोसिन वापरतात. औषध लागू पडू लागले की उठताना कुत्र्याचा जरा झोक जातो किंवा तो सुस्त होतो. तसे झाले तर मात्रा आपल्या मनाने न घटवता डॉक्टरांना कळवावे.

शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन जरूर करून घ्यावा. ही गाठ शेजारच्या महाशिरेत, म्हणजे पोटाकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, शिरण्याच्या सवयीची आहे, आणि क्वचित तिचा कोंब यकृतामागून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचतो. महाशिरेत थोडी शिरलेली गाठही अनुभवी हात काढू शकतात, पण त्याची तयारी आधी हवी, पोट उघडल्यावर नव्हे. आपण दवाखान्याला तीन गोष्टी विचाराव्यात : भूल देणारा डॉक्टर स्वतंत्र असेल का, रोहिणीत नळी घालून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पाहण्याची सोय आहे का, आणि पहिले तीन दिवस रात्रभर कुत्र्याजवळ माणूस असेल का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर दुसरीकडे पाहावे, मग ते गाव लांबचे का असेना.

आता हृदय बरे होण्याविषयी. इजा झालेल्या सर्वच पेशी मेलेल्या नसतात. पुष्कळशा नुसत्या गळाठलेल्या असतात, आणि संप्रेरकाचा मारा थांबला की त्या पुन्हा कामाला लागतात. माणसांत गाठ काढल्यानंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत हृदयाची पंप करण्याची शक्ती लक्षणीय सुधारल्याची अनेक उदाहरणे आहेत, आणि रक्तदाब उतरल्यावर जाड भिंतही काही प्रमाणात पातळ होते. कुत्र्यांतील अशा पाठपुराव्याच्या नोंदी थोड्या आहेत, पण प्रक्रिया तीच असल्याने आशा ठेवायला जागा आहे. जेथे तंतूंचा व्रण तयार झाला आहे, तो मात्र कायमचा. म्हणून ठोके चुकणे गाठ काढल्यानंतरही थोडेबहुत राहू शकते, आणि त्यासाठीचे औषध पुढे चालू ठेवावे लागू शकते. तीन महिन्यांनी इको व होल्टर पुन्हा करावे. शस्त्रक्रियेचा काळ पार केलेले कुत्रे वर्षभर आणि काही तर त्याहून बरेच अधिक जगतात, तेव्हा केवळ साडेबारा या आकड्याला घाबरून मागे हटण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रिया नको असेच ठरले, तर अल्फा ग्राही बंद करणारे औषध, गरजेप्रमाणे रक्तदाब उतरवणारे ॲम्लोडिपिन, आणि लयीसाठीचे औषध यांच्यावर काही काळ बरा जातो. त्या काळात झोपेतील श्वास रोज मोजत जावा. मिनिटाला तीसच्या वर श्वास दोन-तीन रात्री सलग आढळले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : दर दिवाळीत आमचा कुत्रा फटाक्यांनी थरथर कापतो. अशा भीतीमुळे ही गाठ होते का? (सोलापूर)

होत नाही. भीतीने निरोगी ग्रंथी आपले काम करते, त्यातून गाठ उद्भवत नाही. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे : भीतीच्या झटक्याला कारण असते आणि ते आपल्यालाही ऐकू येते, गाठीचा झटका कुत्रा गाढ झोपलेला असतानाही येतो. मात्र ज्याच्या पोटात ही गाठ आहेच, त्याला फटाक्यांच्या दिवसांत आतल्या खोलीत ठेवावे, आणि शांत करणारे औषध त्याचा अहवाल पाहिलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे.

प्रश्न : आमची दहा वर्षांची कुत्री गेल्या महिन्यात आंघोळ घालताना अचानक कोसळली आणि गेली. आदल्या दिवसापर्यंत ती व्यवस्थित जेवत होती. आम्ही शवविच्छेदन करवून घेतले. अहवालात अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, आणि हृदयाविषयी "आकुंचन-पट्ट्यांसह स्नायुपेशींचा मृत्यू, विखुरलेला दाह, पेशींमधील तंतूंची वाढ" असे लिहिले आहे. याचा अर्थ काय? त्या दिवशी आंघोळ घातली नसती तर ती वाचली असती का? तिचा सख्खा भाऊ आमच्याकडेच आहे. (मुंबई)

आपण शवविच्छेदन करवून घेतलेत, याबद्दल आपले आभार मानतो. ते दुःख बाजूला सारून असा निर्णय घेणारी माणसे थोडी असतात.

अहवालातील तीन शब्दप्रयोग तीन वेगवेगळ्या वेळा सांगतात. आकुंचन-पट्ट्या म्हणजे मघाशी वर्णन केलेली न उघडलेली मूठ : सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत गडद गुलाबी आडवे पट्टे दिसतात, आणि ही इजा काही मिनिटांत ते काही तासांत घडलेली असते. दाह म्हणजे मेलेल्या पेशींचा निचरा करायला आलेल्या पेशी. त्या जमायला एक-दोन दिवस तरी लागतात. तंतूंची वाढ म्हणजे बुजलेली जखम, आणि ती बुजायला कित्येक आठवडे जातात. हृदयविकाराचा एकच झटका येऊन गेला असता, तर एकाच वयाची एकच मोठी जखम सापडली असती. येथे ताज्या, मधल्या आणि जुन्या जखमा एकाच हृदयात शेजारी शेजारी आहेत, म्हणजे संप्रेरकाचे लोंढे कित्येक आठवडे, बहुधा कित्येक महिने, येत होते. कोलोरॅडोतील पशुवैद्यकांनी अशा गाठी असलेल्या कुत्र्यांची हृदये तपासून २०१५ मध्ये जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही मृत पेशी, आकुंचन-पट्ट्या, दाह आणि तंतू यांचे असेच मिश्रण होते. शेवटचा घाला बहुधा लयीवर पडला असावा : व्रणांनी चिरफाळलेल्या स्नायूत खालचे कप्पे नुसतेच फडफडू लागतात, रक्त पुढे जात नाही, आणि कुत्रा क्षणात कोसळतो.

आंघोळीविषयी आपल्याला खरे तेच सांगतो. पोटावर दाब पडणे, धडपड, ताण यांनी अशी गाठ चेतू शकते. पण ती अंगणात उडी मारताना, जेवताना किंवा झोपेतही चेतली असती, आणि यापूर्वी ती तशी चेतत आलीच होती, हे त्या जुन्या व्रणांवरून दिसते. ज्या गाठीची खबर डॉक्टरांनाही नव्हती, तिच्यासाठी आंघोळ टाळायला हवी होती, असे म्हणता येणार नाही.

तिच्या भावाविषयी : कुत्र्यांतील या गाठीसाठी नित्य वापरातली आनुवंशिक चाचणी नाही, आणि बहिणीला झाली म्हणून भावाला होईलच, असे मानण्यास आधार नाही. तरीही तो दहा वर्षांचा आहे, म्हणून त्याच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी, आणि दर सहा महिन्यांनी रक्तदाब व डोळ्यांचा पडदा तपासावा. पहिली भेट या महिन्यात झाली तर बरे, आणि जाताना बहिणीचा अहवाल बरोबर न्यावा.